छोट्या नाट्यगृहाचे दिवे: आधी उंची मोजा, मग कोटेशन बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातली एक संस्था जुन्या हॉलचं सव्वाशे आसनांचं छोटं नाट्यगृह करते आहे. रंगमंच २४ फूट रुंद आणि १८ फूट खोल. रंगमंचाच्या फळ्यांपासून छत १४ फुटांवर. बालनाट्य शिबिरं, एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी आणि अधूनमधून नृत्याचे कार्यक्रम तिथे होतील. पुरवठादाराने कोटेशन दिलंय: २४ एलईडी पार (साधे, डब्यासारखे झोतदिवे), ४ मूव्हिंग हेड (मोटरने फिरणारे दिवे) आणि हजार-हजार वॉटचे १२ हॅलोजन पार. हे घ्यावं का, आणि घेतलेले दिवे बरीच वर्षं टिकावेत म्हणून काय करावं, असं विचारलंय.

माझं मत आधीच सांगतो. या यादीत दिवे भरपूर आहेत, पण नटाचा चेहरा नीट, हवा तेवढाच आणि हव्या त्या कोनातून उजळेल असा एकही दिवा नाही. ही यादी ऑर्केस्ट्राला किंवा लग्नाच्या स्टेजला चालेल. नाटकात प्रेक्षक दोन तास माणसाचे डोळे आणि ओठ पाहत असतो. ते दिसले नाहीत तर मागचा निळा-जांभळा रंग कितीही सुंदर असला तरी उपयोग नाही. म्हणून कोणता दिवा घ्यायचा हे ठरवण्याआधी तो कुठे टांगणार, किती अंतरावरून मारणार आणि त्याची उष्णता कुठे जाणार, हे ठरवायला हवं.

पुढे जे सांगतोय ते तीन गोष्टींनुसार बदलेल. छत स्लॅबचं आहे की पत्र्याचं, महावितरणकडून मंजूर भार किती आहे आणि तो थ्री फेज आहे का, आणि दिवे रोज सांभाळणारा एक ठरलेला माणूस आहे की दर कार्यक्रमाला नवा हात लागणार. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सांभाळणारा नसेल तर महागडी आणि नाजूक यंत्रणा घेऊ नका. साधी आणि एकाच जातीची घ्या.

आता उंची. दिवे टांगायचा आडवा पाइप, म्हणजे बार, रंगमंचापासून १२ फूट उंचीवर बसवला तर दिव्याचं भिंग साधारण साडेअकरा फुटांवर येईल. उभ्या नटाचे डोळे सव्वापाच फुटांवर धरा. म्हणजे सव्वासहा फुटांचा फरक. चेहऱ्यावर प्रकाश वरून ३५ ते ४५ अंशांत पडला तर नाक, डोळ्यांच्या खोबण्या आणि हनुवटी नैसर्गिक दिसतात. ४५ अंशांसाठी बार नटाच्या पुढे सव्वासहा फूट हवा, ३५ अंशांसाठी सुमारे नऊ फूट. नट रंगमंचाच्या कडेपासून दोन फूट आत उभा राहतो असं धरलं, तर पहिला बार कडेच्या बाहेर, प्रेक्षकांच्या बाजूला, चार ते सात फुटांवर यायला हवा. बहुतेक छोट्या हॉलमध्ये हा बार नसतोच. सगळे दिवे रंगमंचाच्या वर टांगलेले असतात आणि पुढे आलेल्या नटाच्या डोळ्यांत काळे खड्डे दिसतात.

उलट टोकाची चूक म्हणजे दिवे प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीवर लावणं. तिथून कोन इतका सपाट होतो की साडेपाच फुटी माणसाची सावली पडद्यावर चढते. ४५ अंशांत त्याची सावली जमिनीवर साडेपाच फूट पडते, ३० अंशांत साडेनऊ फूट आणि २० अंशांत पंधरा फूट. तुमचा रंगमंच १८ फूटच खोल आहे, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. मागच्या अर्ध्या रंगमंचासाठी दुसरा बार आतल्या बाजूला, पहिल्या झालरीच्या (वरून सोडलेल्या आडव्या पडद्याच्या) मागे, कडेपासून तीन-चार फूट आत टाकावा. तिसरा बार मागे, सायक्लोरामाच्या (मागच्या मोठ्या कोऱ्या पडद्याच्या) पुढे, बॅक लाइट आणि रंगासाठी.

या मापांत दिव्यापासून चेहऱ्यापर्यंतचं अंतर साधारण तीन मीटर येतं. खरेदीचा जवळपास सगळा निर्णय या एका आकड्यावर ठरतो. तीन मीटरवर १९ अंशांचा झोत असलेल्या दिव्याचं वर्तुळ एक मीटरचं पडतं, २६ अंशांचं १.४ मीटर, ३६ अंशांचं दोन मीटरला जरा कमी आणि ५० अंशांचं २.८ मीटर. अरुंद झोताचे दिवे मोठ्या सभागृहासाठी असतात. वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या ठिकाणची यादी पाहून तसेच दिवे मागवले, तर तुमच्याकडे छोटी गोल टिकली पडेल आणि नट अर्धं पाऊल सरकला की अंधारात जाईल. तुम्हाला रुंद झोत हवेत. झूम होणारे फ्रेनेल किंवा पीसी (मऊ कडेचा झोत देणारे भिंगाचे दिवे), आणि झोत हवा तसा कापून घेण्यासाठी ३६ किंवा ५० अंशांचे प्रोफाइल (तीक्ष्ण कडेचे दिवे).

ताकदीचंही तसंच. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो. नऊ मीटरवरून हजार वॉटचा दिवा जेवढा उजेड देतो, तेवढा तीन मीटरवरून त्याच जातीचा आणि त्याच झोताचा दिवा नवव्या हिश्शाच्या विजेत देतो. म्हणून हजार वॉटचे हॅलोजन पार तुमच्या छताला नकोतच. ते पूर्ण लावले तर नट डोळे मिचकावतील, आणि कमी करून वापरले तर पिवळे-तांबूस दिसतील. शिवाय पारचा झोत लांबट असतो, त्याची कड मऊ आणि बेभरवशाची असते, आणि तो विंगांवर (बाजूच्या पडद्यांवर), झालरीवर, पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांवर सांडतो. छोट्या जागेत हा सांडलेला उजेडच सगळा परिणाम घालवतो, कारण भिंती जवळ असतात आणि ब्लॅकआउट कधी पुरता काळा होत नाही.

किती दिवे लागतील? २४ बाय १८ फुटांचे सहा भाग पाडा: रुंदीत तीन, खोलीत दोन, प्रत्येक भाग सुमारे आठ बाय नऊ फूट. प्रत्येक भागाला समोरून डावीकडून एक आणि उजवीकडून एक असे दोन दिवे, दोघांत साधारण ७० ते ९० अंशांचा कोन. झाले बारा. हेच तुमचं जनरल, म्हणजे पूर्ण रंगमंचाचा मूळ उजेड. एका बाजूचे दिवे थोडे उबदार आणि दुसऱ्या बाजूचे किंचित थंड ठेवले की चेहऱ्याला गोलाई येते, आणि दिवस-रात्र दाखवायला वेगळे दिवे लागत नाहीत. यावर मागून सहा रंगीत दिवे, खास जागांसाठी चार प्रोफाइल आणि सायक्लोरामासाठी चार एलईडी बार. सव्वीस दिव्यांत तुमचं नाट्यगृह पूर्ण होतं. पैसे कमी पडले तर आधी सायक्लोरामाचे बार सोडा, मग मागचे तीन. समोरचे बारा मात्र कमी करू नका.

हॅलोजन की एलईडी, यावर नागपुरात वाद घालण्यासारखं फार उरत नाही. हॅलोजनला दिलेली जवळपास सगळी वीज शेवटी हॉलमध्ये उष्णता होऊनच राहते. कोटेशनमधले बारा पार एकदम लावले तर १२ किलोवॉट, आणि एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता काढतो. म्हणजे जवळपास साडेतीन टनांचा एसी केवळ दिव्यांसाठी राबणार. बालनाट्य शिबिरं एप्रिल-मे महिन्यांत होतात, बाहेर ४५ अंश असतात, आणि १४ फुटांचं छत. मुलांचा मेकअप पहिल्या प्रवेशातच ओघळेल. समोरचे बारा दिवे १५० वॉटचे एलईडी फ्रेनेल घेतले तर तेच काम १.८ किलोवॉटमध्ये होतं.

हॅलोजनचा एक गुण मात्र खरा आहे. तो मंद करताना आपोआप तांबूस होतो आणि अगदी शून्यापर्यंत लोण्यासारखा उतरतो. त्वचेचा रंगही त्यात खरा दिसतो. हे तुमच्या एलईडीत उतरतंय का, ते विकत घेण्याआधी तपासायचं. समोरच्या बारा दिव्यांसाठी मी रंग बदलणारा आरजीबीडब्ल्यू (लाल, हिरवा, निळा, पांढरा) दिवा घेत नाही. ३२०० केल्विनचा (हॅलोजनसारखा उबदार), एकच मोठी चिप असलेला, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा पांढरा फ्रेनेल घेतो. थंड बाजूसाठी त्यावर हलकं निळं जिलेटिन (रंगीत पारदर्शक पत्रक) लावलं की पुरतं. ५४ बारीक चिपांच्या स्वस्त पारमध्ये लाल, हिरवा, निळा मिसळून पांढरा करतात. त्यात गव्हाळ आणि सावळी त्वचा राखाडी-हिरवट पडते, आणि प्रत्येक नटामागे तीन-चार रंगीत सावल्या दिसतात. रंगीत पार मागून आणि सायक्लोरामावर उत्तम चालतो, फक्त चार रंग एकाच भिंगाखाली असलेला घ्या.

दुकानात किंवा डेमोला जाताना सोबत थोडं कुंकू, हळद, एक हिरवी साडी आणि एक हॅलोजनचा दिवा न्या. दोन्ही दिव्यांखाली शेजारी-शेजारी धरा. कुंकू तपकिरी दिसलं तर त्या एलईडीत गडद लाल कमी आहे. सीआरआयचा सरासरी आकडा चांगला असूनही असं होतं, म्हणून गडद लालाचा आर-नाइन हा आकडा वेगळा विचारा. मग बोर्डवरून (दिवे चालवण्याच्या पटलावरून) १० सेकंदांचा फेड आउट द्या आणि शेवटच्या पाच टक्क्यांकडे बघा. तिथे दिवा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरला किंवा टपकन विझला, तर शोकांतिकेचा शेवट तो बिघडवणार. मोबाइलच्या कॅमेऱ्याने, मंद प्रकाशात, चित्रीकरण करून पट्टे दिसतात का बघा. आता प्रत्येक प्रयोगाचं चित्रीकरण होतं. खोली शांत करून, पंखे-एसी बंद करून, दिवा अर्धा तास पूर्ण लावून आवाज ऐका. बारा दिव्यांचे बारा पंखे तुमच्या प्रेक्षकांच्या डोक्यावर किंवा जवळच असणार आहेत. वॉटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, प्लगला लावायचा वॉटमीटर घेऊन जा. ‘५४ गुणिले ३’ असं लिहिलेला दिवा १६२ वॉट घेतोच असं नाही. आणि चार स्क्रू उघडून आत बघू द्या म्हणा. पॉवर सप्लाय आणि पंखा वेगळे काढता येतात का, सुटे मिळतात का, हे तिथेच ठरतं. सगळे बारा एकाच बॅचचे घ्या. वेगवेगळ्या बॅचचे दिवे पांढऱ्या भिंतीवर शेजारी मारले की एक गुलाबीसर आणि एक हिरवट निघतो, आणि ते पुढे दुरुस्त होत नाही.

मूव्हिंग हेड घेऊ नका. १२ फुटांवरून त्यांचा आवाज ऐकू येतो, हलणारे भाग धुळीत लवकर अडकतात आणि नाटकात त्यांची गरज क्वचितच पडते. नृत्याच्या कार्यक्रमाला भाड्याने आणा. त्या पैशांत टांगणी आणि वायरिंग चांगलं करा.

टांगणीसाठी दीड इंची बी-क्लास जीआय पाइप वापरा. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ४८ मिलिमीटर असतो आणि दिव्यांचे हुक त्याच मापाचे येतात. पाइपला दर पाच-सहा फुटांवर आधार हवा, आणि तो स्लॅबमध्ये अँकर फास्टनरने किंवा कैचीच्या (छताच्या सांगाड्याच्या) लोखंडाला. पीओपीच्या छताला कधीच नाही. पत्र्याचं छत असेल तर कैची किती वजन घेईल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. प्रत्येक दिव्याला हुकाशिवाय वेगळी पोलादी सेफ्टी दोरी असावी, बारभोवती आणि दिव्याच्या चौकटीतून, शक्य तितकी आखूड. दोरी सैल असेल तर दिवा आधी फूटभर पडतो आणि तो झटका दोरीला झेपत नाही. झडपा, म्हणजे बार्नडोअर, आणि जिलेटिनची फ्रेमही बांधलेली हवी. तेवढी अंगावर पडली तरी इजा होते. सायक्लोरामाचे बार कापडापासून किमान तीन-चार फूट पुढे ठेवा. जवळ ठेवले की वर चकचकीत कमानी आणि खाली अंधार अशी भिंत दिसते.

विजेत छोटी नाट्यगृहं सर्वांत जास्त कंजूषी करतात आणि दिवे जळतात ते याच कारणाने. दिव्यांसाठी वेगळा डीबी (वीज वाटणारी पेटी) हवा. प्रत्येक १६ अँपिअरच्या सर्किटला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि वायर पत्र्याखालून जात असेल तर ४ चौरस मिलिमीटर. मे महिन्यात पत्र्याखालची हवा इतकी तापते की वायरीची क्षमता बरीच घटते. आवाजाची यंत्रणा दिव्यांच्या सर्किटवर लावू नका. डिमर (दिवा मंद करणारं यंत्र) असेल तर आवाज वेगळ्या फेजवर घ्या, नाहीतर दिवा अर्ध्यावर आला की स्पीकर गुणगुणतो.

न्यूट्रलकडे जास्त लक्ष द्या. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, तर कमी भाराच्या फेजवरच्या दिव्यांना २३० ऐवजी साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत दाब मिळू शकतो आणि त्या फेजवरचे एलईडीचे पॉवर सप्लाय क्षणात जातात. डिमर आणि पॉवर सप्लाय दोन्ही न्यूट्रलमध्ये हार्मोनिक्स (मूळ लाटेच्या पटीतल्या जादा लाटा) घालतात. तिन्ही फेजांचा तिसरा हार्मोनिक एकमेकांना काटत नाही, तो न्यूट्रलमध्ये साठत जातो. म्हणून न्यूट्रल फेजपेक्षा बारीक कधीच नको, डिमर असतील तर दुप्पट जाड बरा. डीबीवर व्होल्टेज रिले बसवा, २६० च्या वर आणि १८० च्या खाली तोडणारा. त्याच्यासोबत सर्ज प्रोटेक्टर. एका जळालेल्या दिव्याच्या किमतीत दोन्ही येतात.

आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा घ्या, पण सगळे दिवे एकाच्या मागे लावू नका. प्रत्येक पॉवर सप्लायमधून अर्थिंगकडे थोडा प्रवाह कायम जात असतो, पंधरा-वीस दिव्यांचा मिळून तो इतका होतो की दोष नसताना आरसीसीबी पडतो. मग कोणीतरी वैतागून तो काढूनच टाकतो, आणि तिथे धोका सुरू होतो. सहा-आठ दिव्यांना एक असा वाटा. एमसीबी (जास्त प्रवाह झाला की पडणारा स्विच) सी-कर्व्हचा, आणि दिवे गटागटाने चालू करा, कारण चालू होताना पॉवर सप्लाय क्षणभर खूप प्रवाह ओढतात. अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून पाणी घालत राहा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत वाळते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं.

एलईडी दिवा डिमरवर लावायचा नाही, बोर्डवर तो चॅनल पूर्ण ठेवणार असलात तरी. डिमर विजेची लाट कापतो आणि पॉवर सप्लाय त्यात मरतो. तुमच्याकडे जुने डिमर असतील तर त्या सॉकेटांना लाल रंग द्या, थेट पुरवठ्याच्या सॉकेटांना हिरवा. शिबिरातल्या नव्या मुलालाही कळेल.

आता डीएमएक्स, म्हणजे बोर्डवरून दिव्यांना हुकूम नेणारा सिग्नल, त्याबद्दल थोडक्यात. एका दिव्यातून दुसऱ्यात अशी एकच साखळी करा, मध्येच वाय जोडून फाटे फोडू नका. फाटा हवा असेल तर ऑप्टो-आयसोलेटेड स्प्लिटर (सिग्नल सुरक्षितपणे वाटणारी पेटी) घ्या. केबल डीएमएक्सचीच, १२० ओहमची. माइकची केबल दहा फुटांवर चालते आणि साठ फुटांवर दगा देते. भिंतीतून कायमची टाकायची असेल तर कॅट-५ केबलही चांगली चालते. शेवटच्या दिव्यात पिन २ आणि ३ यांच्यामध्ये १२० ओहमचा रेझिस्टर घातलेला प्लग लावा. दोन-चार रुपयांच्या या तुकड्याशिवाय सिग्नल टोकावरून परत फिरतो आणि दिवे मनाला येईल तेव्हा लुकलुकतात. एका ओळीत ३२ दिव्यांची मर्यादा असली तरी मी वीसच्या आसपास थांबतो. आठ चॅनलचा दिवा असेल तर पत्ते (प्रत्येक दिव्याचा पहिला चॅनल क्रमांक) १, ९, १७, २५ असे आठाच्या अंतराने द्या आणि पत्ता दिव्याच्या खालच्या बाजूला, जमिनीवरून वाचता येईल इतका मोठा लिहा. सिग्नल गेला तर ‘शेवटची स्थिती धरून ठेव’ असं प्रत्येक दिव्यात सेट करा. बोर्ड आणि संगणक छोट्या यूपीएसवर ठेवा. वीज क्षणभर गेली तर दिवे लगेच परत येतात, बोर्ड मात्र पुन्हा सुरू व्हायला मिनिट-दीड मिनिट घेतो.

कोटेशन बदलायला सांगताना एवढं लिहून द्या: ३२०० केल्विनचे १०० ते १५० वॉटचे झूम फ्रेनेल बारा, झडपांसह, रुंद झोताचे आरजीबीडब्ल्यू पार सहा, ३६ आणि ५० अंशांचे प्रोफाइल दोन-दोन, सायक्लोरामाचे बार चार, प्रत्येकाला हुक आणि सेफ्टी दोरी, आणि फ्रेनेलच्या जातीचा एक दिवा जास्तीचा.

आता देखभाल. दर सहा महिन्यांनी सर्व्हिसिंग असं कॅलेंडर आपल्याकडे चालत नाही. नागपुरात दिव्यांचा शत्रू ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात तो कूलर असतो. कूलरची ओली हवा बाहेरची धूळ घेऊन येते, ती दिव्याच्या पंख्यावर आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या) पात्यांवर चिकटते आणि वाळून पापडी होते. बोअरचं कडक पाणी असेल तर भिंगावर पांढरा थर बसतो. पंखा जड होतो, दिवा तापतो, आतला संरक्षक सर्किट प्रकाश आपोआप कमी करतो आणि लोक म्हणतात, ‘एलईडी उतरला.’ तो उतरलेला नसतो, गुदमरलेला असतो. कूलरचा झोत बारांवर जाणार नाही अशी दिशा ठेवा आणि शिबिरांच्या काळात दर पंधरा दिवसांनी वीज बंद करून मऊ ब्रश आणि ब्लोअर फिरवा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने अडवून ठेवा. हवेने ती भरधाव फिरली तर बेअरिंग जातं, आणि पंखा उलटी वीज तयार करून सर्किटला देऊ शकतो. काँप्रेसरची हवा नको, त्यात पाणी असतं.

पावसाळ्यात कार्यक्रम कमी असतात आणि दिवे पडून राहतात. तेव्हाच भिंगांवर बुरशी येते आणि धूळ ओली होऊन सर्किटवर गळती सुरू होते. जुलै ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा सगळे दिवे अर्धा तास ५० टक्क्यांवर लावा. रंगीत दिव्यांत चारही रंग. उजेडाला येणारे पावसाळी किडे प्रोफाइलच्या भिंगांमध्ये शिरून करपतात, भिंतीवर ठिपके दिसू लागले की तेच असतात. पाऊस संपल्यावर, स्पर्धेची धावपळ सुरू होण्याआधी, वर्षाची मोठी सफाई करा: भिंगं काढून सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुवून मऊ कापडाने पुसा, आतल्या टर्मिनलचे स्क्रू एकदा घट्ट करा, हुक आणि दोऱ्या तपासा, डीबीतले सगळे लग (वायरींची जोडटोकं) कसून घ्या. प्लॅस्टिकच्या भिंगांना स्पिरिट लावू नका, ती धुरकट होतात.

काही हॅलोजन ठेवणार असाल तर त्यांची काळजी वेगळी. दिवा (आतला बल्ब) बदलण्याआधी वीज काढून पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. काचेला बोट लावू नका. घामाचा तेलकट डाग तापून काच तिथेच फुगते किंवा तडकते. लागलंच बोट तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवा दिवा चार-आठ दिवसांत जात असेल तर दिव्याला दोष देण्याआधी होल्डर बघा. पिना काळ्या पडल्या असतील तर होल्डरची पकड सैल आहे, तिथे ठिणगी उडते, आणि तो होल्डर पुढचा प्रत्येक दिवा मारेल. होल्डर बदलल्याशिवाय नवा दिवा घालू नका. बोर्डवर कमाल मर्यादा ९५ टक्के ठेवा, डोळ्याला फरक जाणवत नाही आणि दाब पाच टक्के कमी मिळाला की आयुष्य जवळपास दुप्पट होतं. प्रयोगाआधी दहा मिनिटं सगळे १० टक्क्यांवर तापवा, कारण थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या दसपटीहून जास्त प्रवाह ओढू शकतं. पेटलेला हॅलोजन हलवताना धक्का लागू देऊ नका, मऊ झालेलं फिलामेंट तुटतं. पडदे आणि झालरी त्याच्या तोंडापासून मीटरभर दूर.

बिघाड शोधताना पाना उचलण्याआधी अदलाबदल करा. एक दिवा लुकलुकत असेल तर त्याची डीएमएक्स केबल शेजारच्याशी बदला. लुकलुक केबलबरोबर गेली तर केबल, दिव्यापाशीच राहिली तर दिवा. पूर्ण ओळच नाचत असेल तर साखळी मध्यावर तोडा आणि टोकाचा प्लग तिथे लावा. पुढचा अर्धा भाग शांत झाला तर दोष मागच्या अर्ध्यात आहे. तसंच पुन्हा अर्ध्यात तोडत गेलं की चार-पाच पायऱ्यांत नेमका दिवा सापडतो. बहुतेक वेळा प्लगमधला एखाद्या पिनचा सांधा सुटलेला असतो, आणि दुसऱ्या क्रमांकावर दिव्यातली मॅक्स ४८५ जातीची आठ पायांची आयसी, जी अर्थिंग नसलेल्या हॉलमध्ये हमखास जाते. एकच रंग गेला असेल तर ड्रायव्हर, सगळा दिवा पाच-दहा मिनिटांनी बंद पडून थंड झाल्यावर परत येत असेल तर पंखा, आणि चालूच होत नसेल तर आधी फ्यूज, मग पॉवर सप्लायमधले फुगलेले कपॅसिटर.

त्यासाठी एका डब्यात एवढं कायम असू द्या: त्याच मापाचे चार पंखे, दोन पॉवर सप्लाय, योग्य अँपिअरचे फ्यूज, एक्सएलआरचे (डीएमएक्स केबलचे) दहा प्लग, टोकाचे दोन प्लग, तपासलेली वीस मीटरची एक केबल, चार सेफ्टी दोऱ्या, सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर. डब्याच्या झाकणाला प्रत्येक दिव्याचा क्रमांक, पत्ता, सर्किट आणि फेज लिहिलेला कागद चिकटवा. शिडीवर चढण्याआधी त्या कागदावरून नेमका एमसीबी पाडा, त्यावर पट्टी लावा, आणि एक माणूस शिडी धरायला व एक डीबीपाशी, असे दोघं खाली असल्याशिवाय कोणालाही वर जाऊ देऊ नका.